मामंजींच्या व्यायामाबद्दल विचारायचं होतं

बी 204 वहिनी: मामंजींना काल शुगरच्या चेकअपला नेलेलं, गोळ्या त्याच ठेवल्यात पण चिठ्ठीवर खाली लिहून दिलंय रोज अर्धा तास भरभर चालणे, आठवड्यातनं 5 दिवस, आणि 2 दिवस ताकदीचा व्यायाम. वय 74, गुडघे दुखतात, पडतील म्हणून आम्ही त्यांना जिनासुद्धा चढू देत नाही ओ, काय करायचं?

ए 101 काका: चढू द्या वहिनी. रेलिंग धरून, सावकाश, चढताना कुणीतरी मागं आणि उतरताना पुढं राहा. बसवून ठेवलं की मांड्या वाळतात आणि मग माणूस खरंच पडतो, आमच्या थोरल्या भावाचं डोळ्यानं बघितलंय

सी 302 डॉक्टरताई: काकांचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये हेच सांगितलंय, 65 च्या पुढं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं चालणं वगैरे, किमान 2 दिवस ताकदीचं आणि 3 दिवस तोल सांभाळायचा व्यायाम. हा तोलाचा भागच सगळे विसरतात. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, थोडा वेळ, मग दुसऱ्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हाताचा आधार न घेता उठायचं, बसताना धपकन बसायचं नाही, हळू टेकायचं, खरी ताकद तिथंच लागते. गुडघेदुखीला पण हेच लागतं, मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार कमी होतो

बी 204 वहिनी: भरभर म्हणजे किती पण?

सी 302 डॉक्टरताई: बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं. एकदम अर्धा तास नको, 10 मिनिटांपासनं सुरू करा. शुगरच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं साखर अचानक उतरते, म्हणून खिशात ग्लुकोज ठेवा. छातीत दुखलं, गरगरलं तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं

बी 204 वहिनी: तरुणपणी तालमीत जायचे ते, जोरबैठका काढायचे. खुर्चीचं सांगितलं की लगेच उठून करून दाखवलं बघा, लई खूश झालेत

ए 101 काका: मग उद्या 6 ला गेटवर पाठवा, रंकाळ्याला आम्ही चौघं जातोच, त्यांच्या चालीनं चालू, दमले तर कट्ट्यावर बसू. चप्पल नको, बूट घालू दे

ए 305 काकू: बायकांचं पण जमवूया की, मी येते

बी 204 वहिनी: आत्याबाईंना पण पाठवते मग 🙏 सेक्रेटरी साहेब, बी विंगच्या जिन्यातला दुसऱ्या मजल्याचा दिवा गेलाय, तेवढा आजच बसवा

सेक्रेटरी: वायरमनला फोन केलाय, संध्याकाळी येतोय. खालच्या 2 पायऱ्यांची फरशी पण हलतीय, तीपण बघून घेतो