शिडाच्या शर्यतींच्या गुणांकनाचे सॉफ्टवेअर बदलल्यावर जुने निकाल जुळत नाहीत : सल्ला हवा आहे

शीडवारा :

नमस्कार. आमच्या शर्यतींचे निकाल तयार करण्याचे काम माझ्याकडे असते. गुणांकनाच्या सॉफ्टवेअरची एक जुनी आवृत्ती आजवर एकाच संगणकावर चालत होती. तो संगणक आता बदलावा लागला, म्हणून नव्या संगणकावर त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि पडताळणीसाठी मागील हंगामातील एका मालिकेची फाइल त्यात उघडून गुण पुन्हा मोजले. मालिकेत २४ नौकांची नोंदणी होती, ५ शर्यती झाल्या होत्या आणि प्रत्येक नौकेची सर्वांत वाईट एक शर्यत वगळायची होती (गुण जितके कमी तितका क्रम वर).

निकाल जसाच्या तसा येईल अशी अपेक्षा होती, परंतु तीन ठिकाणी फरक पडला. एकतर, शर्यतीला न आलेल्या नौकांना, म्हणजे डीएनसी नोंद असलेल्यांना, पूर्वी २५ गुण होते ते आता २६ दिसतात. दुसरा फरक डीएनएफचा आहे : ज्या शर्यतीत १८ नौका उतरल्या होत्या, त्यात शर्यत पूर्ण न करणाऱ्यांना पूर्वी १९ गुण होते, त्यांनाही आता २६ मिळतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. एकूण गुण समान असलेल्या दोन नौकांचे क्रम आपसांत बदलले आहेत. याशिवाय काही खलाशांची देवनागरीतील नावे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसली आहेत, पण ते तुलनेने किरकोळ आहे.

नवी मालिका लवकरच सुरू होणार आहे. जुन्या आवृत्तीकडे परत जावे, दुसरेच सॉफ्टवेअर घ्यावे, की यातूनच मार्ग काढावा, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

निकालकक्ष :

आपण जुनी मालिका पुन्हा मोजून पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित नव्या आवृत्तीला घालणे यापेक्षा खात्रीची दुसरी चाचणी नाही. जुन्या आवृत्तीकडे घाईने परतू नका. आपण सांगितलेले तिन्ही फरक वेगवेगळ्या कारणांचे आहेत आणि त्यांतील निदान दोन सॉफ्टवेअरमधील दोषामुळे आलेले नसावेत.

डीएनसीचे गुण नोंदणी केलेल्या नौकांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त असतात. २४ नौकांना २५ हे बरोबर आहे, आणि २६ दिसत असतील तर सॉफ्टवेअर २५ नौका मोजत आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. कोठेतरी एक जादा नोंद शिरली आहे. यादी शीड क्रमांकानुसार लावून डोळ्यांखालून घाला : शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर, क्रमांकाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा, किंवा चाचणीसाठी घातलेली आणि काढायची राहून गेलेली नौका, यांपैकी काहीतरी सापडेल.

डीएनएफचा प्रश्न नियमाच्या निवडीचा आहे. शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकाच्या (रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग) परिशिष्ट ए मध्ये दोन पद्धती आहेत. ए५.२ नुसार शर्यत सुरू न करणारी, पूर्ण न करणारी, माघार घेणारी किंवा अपात्र ठरलेली नौका एकूण नोंदणी अधिक एक एवढे गुण घेते. ए५.३ लागू असल्याचे नोटिस ऑफ रेसमध्ये (स्पर्धेची अधिकृत घोषणा) किंवा सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (शर्यतींच्या तपशीलवार सूचना) लिहिले असेल, तर प्रारंभक्षेत्रात आलेल्या अशा नौकेला त्या शर्यतीत तेथे आलेल्या नौकांची संख्या अधिक एक एवढेच गुण मिळतात, आणि मुळात आलीच नाही तिला मात्र नोंदणी अधिक एक. आपले पूर्वीचे १९ म्हणजे १८ अधिक १, म्हणजेच आपली मालिका ए५.३ वर चालली होती. हा नियम २०२० अखेरपर्यंतच्या पुस्तकात ए९ या क्रमांकाखाली होता आणि २०२१ च्या आवृत्तीत तो ए५.३ झाला. जुन्या फाइलमधील ती निवड नव्या आवृत्तीने ओळखली नाही आणि मूळ पद्धत लावली, असे होणे शक्य आहे. गुणांकन पद्धतीच्या खिडकीत जाऊन ती निवड हाताने पुन्हा करा.

मात्र ती केल्यावर आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा. ए५.३ मध्ये प्रारंभक्षेत्रात किती नौका आल्या हे सॉफ्टवेअर आपण दिलेल्या नोंदींवरूनच ठरवते. एखाद्या शर्यतीत नौकेपुढची चौकट रिकामी राहिली आणि सॉफ्टवेअरने ती आपोआप डीएनसी धरली, पण ती नौका प्रत्यक्षात पाण्यावर येऊन सुरुवात न करता परतली असेल, म्हणजे ती डीएनएस असेल, तर मोजणी एकाने कमी होते आणि त्या शर्यतीतील प्रत्येक डीएनएफ, डीएसक्यू (अपात्र), ओसीएस (सुरुवातीच्या इशाऱ्याआधीच रेषेपलीकडे गेलेल्या) नौकेचे गुण चुकतात. म्हणून एकही चौकट रिकामी ठेवू नये, प्रत्येक नौकेला संकेत द्यावा, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी प्रारंभरेषेवरील समितीने आलेल्या नौकांची यादी करणे आवश्यक आहे, कारण ही माहिती किनाऱ्यावर बसून मिळवता येत नाही.

समान गुणांच्या त्या दोन नौकांचे पाचही शर्यतींतील गुण येथे द्यावेत, म्हणजे त्याबद्दल निश्चित सांगता येईल.

दोरखंड :

नावांच्या प्रश्नचिन्हांबद्दल लिहितो. यादी आपण बहुधा तक्त्याच्या प्रोग्राममधून स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या रूपात आणली असणार. ती फाइल साठवताना युटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) हा पर्याय निवडला नसेल तर देवनागरी अक्षरे साठवतानाच नष्ट होतात आणि नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. मूळ तक्ता अजून हाताशी असेल तर त्यातून युटीएफ-८ मध्ये नव्याने काढा.

तक्त्याचे प्रोग्राम आणखीही काही गोष्टी परस्पर करतात. शीड क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य ते गाळतात, त्यामुळे तो स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा. हँडिकॅपवर, म्हणजे नौकेच्या वेगानुसार लागलेल्या वेळेत सुधारणा करून, शर्यती घेणाऱ्यांनी दशांशचिन्हही पाहावे : नव्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असेल तर १.०२५ हा गुणक १०२५ असा वाचला जाऊ शकतो, आणि मग सुधारित वेळा पाहताक्षणी अशक्य वाटतील इतक्या मोठ्या येतात.

जुन्या संगणकावरून फाइली आणताना काही सापडत नसेल तर एक जागा जरूर पाहा. विंडोजवरचे जुने प्रोग्राम स्वतःच्याच स्थापनेच्या फोल्डरमध्ये लिहू पाहतात, तेथे लिहिण्यास मनाई असते, आणि विंडोज ते लेखन वापरकर्त्याच्या खात्यातील व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे वळवते. आपल्या गुणांकन पद्धती आणि निकालपानाचे साचे तेथे पडलेले असण्याची शक्यता आहे.

शीडवारा :

दोघांचेही मनापासून आभार. जादा नोंद सापडली : एकच नौका दोनदा होती आणि एका नोंदीत शीड क्रमांकाच्या शेवटी रिकामी जागा होती. ती काढताच डीएनसी २५ वर आला. ए५.३ ची निवड पुन्हा केल्यावर डीएनएफही १९ झाला. नावे मूळ तक्त्यातून परत आणली.

समान गुणांच्या नौकांना येथे पहिली आणि दुसरी म्हणतो. पहिलीचे गुण क्रमाने १, ३, ४, २, ७ आणि दुसरीचे २, १, ९, ३, ४. पहिलीची पाचवी शर्यत वगळली जाते आणि दुसरीची तिसरी, त्यामुळे दोघींचे प्रत्येकी १० गुण होतात. जुन्या आवृत्तीत पहिली नौका वर होती, नव्या आवृत्तीत दुसरी वर आहे.

निकालकक्ष :

येथे नवी आवृत्ती बरोबर आहे.

ए८.१ प्रमाणे आधी दोघींचे मोजलेले गुण उत्तमापासून वाईटाकडे मांडायचे आणि जेथे प्रथम फरक दिसेल तेथे निर्णय करायचा. या पायरीवर वगळलेले गुण वापरायचे नाहीत. दोघींची मांडणी १, २, ३, ४ अशीच येते, म्हणून बरोबरी सुटत नाही. मग ए८.२ लागतो : शेवटच्या शर्यतीतील गुण पाहायचे, तेथेही समान असतील तर तिच्या आधीच्या शर्यतीतील, असे मागे जात राहायचे. या पायरीवर मात्र वगळलेले गुणसुद्धा धरायचे असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. पाचव्या शर्यतीत पहिलीचे ७ आणि दुसरीचे ४, म्हणून दुसरी नौका वर. जुन्या मोजणीत वगळलेली शर्यत येथेही सोडून दिली गेली असावी, कारण तसे केले तर तुलना चौथ्या शर्यतीवर जाते आणि तेथे २ विरुद्ध ३ अशी पहिली नौका पुढे निघते.

हेच गणित मी कोणत्याही नव्या आवृत्तीच्या चाचणी फाइलमध्ये कायमचे ठेवावे असे सुचवीन. त्याच फाइलमध्ये आणखी काही अवघड जागा घालाव्यात. उदाहरणार्थ झेडएफपी (सुरुवातीच्या झेड निशाणाचा नियम मोडल्याचा दंड) : हा दंड डीएनएफच्या गुणांच्या २० टक्के असतो आणि जवळच्या पूर्णांकात घेतला जातो. सहाव्या आलेल्या नौकेला ए५.२ खाली २५ चे २० टक्के म्हणजे ५ मिळून ११ गुण व्हायला हवेत, तर १८ नौका आलेल्या शर्यतीत ए५.३ खाली १९ चे ३.८, म्हणजे ४, मिळून १०. दंडामुळे इतर नौकांचे गुण बदलता कामा नयेत, आणि दंड धरूनही कोणाचे गुण डीएनएफपेक्षा वाईट होता कामा नयेत. एका नौकेला डीएनई (वगळता न येणारी अपात्रता) द्या आणि ती शर्यत वगळली जात नाही हे पाहा. एका नौकेला दोन समान वाईट गुण द्या. वगळली जाणारी शर्यत त्यांतील आधीची असली पाहिजे.

रिड्रेसची, म्हणजे स्वतःच्या दोषाशिवाय नुकसान झालेल्या नौकेला भरपाई म्हणून दिलेली, सरासरी तर नक्कीच तपासावी. प्रोटेस्ट कमिटीने (तक्रारी ऐकणाऱ्या समितीने) इतर सर्व शर्यतींची सरासरी दिली असेल आणि ते गुण २, ५, ४, ६ असतील, तर सरासरी ४.२५ येते. नियमाच्या मार्गदर्शनाप्रमाणे ती एका दशांश स्थळापर्यंत घ्यायची आणि ०.०५ उरले तर वरच्या दशांशाकडे न्यायची, म्हणजे ४.३. संगणकाच्या काही भाषांमध्ये अगदी मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेण्याची पद्धत असते आणि तेथे ४.२ असे उत्तर येते. दशांशाच्या या एका फरकावर पदक इकडचे तिकडे होऊ शकते.

होकायंत्र :

दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे का, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. विंडोजवर चालणारे आणि मोफत मिळणारे सेलवेव्ह पुष्कळ ठिकाणी वापरले जाते, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवाही आहेत. ब्राउझरमधील सेवांचा लाभ असा की आवृत्ती सांभाळण्याचे ओझे आपल्यावर राहत नाही. परंतु मालिका चालू असताना ती आवृत्ती आपल्या नकळत बदलू शकते आणि किनाऱ्यावर इंटरनेट नसेल तर काम थांबते. आपले सध्याचे सॉफ्टवेअर नियमाप्रमाणे मोजत आहे हे वर सिद्ध झाले आहे, तेव्हा बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

अद्ययावत करण्याची वेळ दोन मालिकांच्या मधली असावी, मालिका चालू असताना कधीही नाही. आधी संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, शेवटचा निकाल छापील रूपात जपा आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा. नव्या आवृत्तीत मूळ फाइल उघडू नका, तिची प्रत उघडा, कारण नव्या आवृत्तीने साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. ती फाइल दोन संगणकांवर एकाच वेळी समक्रमित होणाऱ्या फोल्डरमध्ये उघडी ठेवणेही टाळा, एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर लिहिले जाते.

हँडिकॅप शर्यतींसाठी एकच जोड देतो. मध्यरात्र ओलांडणाऱ्या लांब शर्यतीत फक्त घड्याळाची वेळ भरली आणि तारीख भरली नाही तर लागलेला वेळ ऋण येतो. चाचणी फाइलमध्ये अशी एक शर्यत असू द्या. सुधारित वेळ एकदा हातानेही काढून पाहा. पोर्ट्समथ यार्डस्टिक या हँडिकॅप पद्धतीमध्ये लागलेल्या सेकंदांना १००० ने गुणून नौकेच्या क्रमांकाने भागतात, तर आयआरसी या दुसऱ्या पद्धतीमध्ये लागलेल्या वेळेला गुणकाने गुणतात. सॉफ्टवेअरमध्ये चुकीची पद्धत निवडली गेली तर वेगवान आणि संथ नौकांचे पारडे उलटे होते.

शीडवारा :

सर्व सूचना टिपून घेतल्या आहेत आणि चाचणी फाइल आजच तयार करतो. परंतु निकालकक्ष, आपल्या उत्तरातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही. नवी आवृत्ती बरोबर असेल तर मागील हंगामात जाहीर झालेला त्या दोन नौकांचा क्रम चुकीचा होता. आता काय करावे?

निकालकक्ष :

आपण हा प्रश्न विचारलात याचा मला आदर वाटतो. त्याच नियमपुस्तकातील नियम ९०.३ पाहा. स्वतःच्या नोंदींवरून एखाद्या नौकेचे गुण चुकीचे दिले गेल्याचे रेस कमिटीच्या (शर्यती घेणाऱ्या समितीच्या) लक्षात आले, तर तिने ते दुरुस्त करून स्पर्धकांना उपलब्ध करून दिले पाहिजेत. ही तिची जबाबदारी आहे, कोणी विनंती करण्याची वाट पाहायची नाही. मात्र नियम ९०.३(ई) लागू असल्याचे नोटिस ऑफ रेसमध्ये म्हटले असेल, तर अशा दुरुस्तीला २४ तासांची मुदत असते आणि ती उलटल्यावर निकाल बदलता येत नाही.

तेव्हा आधी त्या मालिकेची नोटिस ऑफ रेस काढून हा उल्लेख आहे की नाही ते पाहा. नंतर दोन्ही नौकांचे पाचही गुण, ए८.१ आणि ए८.२ ची मांडणी, आणि दोन्ही आवृत्त्यांनी दिलेले निकाल एका कागदावर लिहून रेस कमिटीकडे द्या. निर्णय तिचा आहे, निकाल तयार करणाऱ्याने परस्पर फाइल बदलून पुन्हा प्रसिद्ध करू नये. मुदतीचा उल्लेख असेल आणि निकाल बदलता येत नसेल, तरीही दोन्ही नौकांच्या सुकाणूधारकांना ही गोष्ट समितीकडून कळवली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे.