विश्वकिरणांच्या वेधशाळा कृष्णद्रव्य कसे शोधतात?

प्रश्न
कृष्णद्रव्याचा, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणामुळे जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्याचा, शोध म्हटला की जमिनीखाली खोल ठेवलेल्या द्रवरूप झेनॉनच्या टाक्या आठवतात. परंतु अर्जेंटिनातील पिएर ऑजे वेधशाळाही या शोधात आहे, असे वाचले. तिच्या १,६०० हून अधिक पाण्याच्या टाक्या सुमारे ३,००० चौरस किलोमीटर माळरानावर पसरल्या आहेत आणि विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, हवेवर आदळून निर्माण होणारे कणवर्षाव त्या नोंदवतात. कृष्णद्रव्याची हवेशी जवळजवळ आंतरक्रियाच होत नसेल, तर येथे नेमके काय शोधले जाते?

पहिले उत्तर
कृष्णद्रव्याचा कण येथे पकडला जात नाही. तो आपल्या दीर्घिकेच्या प्रभामंडलात, म्हणजे तिच्याभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या विशाल आवरणात, विघटित होत असेल, तर त्यातून निघणारे कण शोधले जातात. जपानमधील अगासा प्रयोगाने १०^२० इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (कणांच्या ऊर्जेचे एकक) अधिक ऊर्जेच्या कणांची नोंद केली, तेव्हा, म्हणजे १९९०च्या दशकात, या कल्पनेने जोर धरला. इतक्या ऊर्जेचे प्रोटॉन फार दूरून येऊ शकत नाहीत, कारण विश्वातील सूक्ष्मलहरी प्रारणाशी टक्करून त्यांची ऊर्जा वाटेतच घटते, हे १९६६ सालीच दाखवून दिले गेले होते. मग उगम जवळच, अतिजड कृष्णद्रव्याच्या विघटनात असेल काय, असा तर्क पुढे आला. तो पडताळता येतो, हे मला सर्वांत मोलाचे वाटते: अशा विघटनातून प्रोटॉनपेक्षा फोटॉन (प्रकाशकण) आणि न्यूट्रिनो (कशाशीही क्वचितच आंतरक्रिया करणारे हलके कण) अधिक निघायला हवेत. फोटॉनमुळे होणारा वर्षाव वातावरणात अधिक खोलवर वाढतो आणि त्यात म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) फार कमी असतात, त्यामुळे तो वेगळा ओळखता येतो. ऑजेला अशा फोटॉनांचे निश्चित अस्तित्व आढळलेले नाही.

दुसरे उत्तर
दिशाही पाहावी. उगम प्रभामंडलात असता, तर दीर्घिकेच्या केंद्राकडून अधिक कण आले असते. ऑजेने २०१७ मध्ये ८×१०^१८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर सुमारे साडेसहा टक्क्यांचा दिशाभेद, म्हणजे एका बाजूने अधिक कण येत असल्याचे, जाहीर केले. त्यातील आधिक्याची दिशा केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर आहे, म्हणजे उगम प्रभामंडलात असल्याचे ती सुचवत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे काहीच सापडले नाही. मग या शोधाचे फलित काय?

पहिले उत्तर देणारे
फलित ठोस आहे. फोटॉन न दिसल्यामुळे, असे अतिजड कण असलेच तर त्यांचे आयुर्मान विश्वाच्या १३.८ अब्ज वर्षांच्या वयाच्या अब्ज पटींहूनही अधिक असले पाहिजे, अशी मर्यादा घालता येते आणि अनेक प्रतिमाने बाद होतात. कमी वस्तुमानाच्या कणांसाठी हाच शोध चीनमधील लासो वेधशाळा ४,४०० मीटर उंचीवरून घेते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगात ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक आहे; म्युऑन मोजून फोटॉनचे वर्षाव वेगळे काढण्याचे तत्त्व तेथेही तेच आहे.