अनुभव धागा: प्रिंट काढायचा दिवस

रविवारी सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीवजा स्टुडिओत लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापायच्या चित्राच्या, १५ प्रती काढायला बसलो. बाहेर जुलैचा पाऊस, आत सहा माणसं आणि एकच प्रेस. शाईच्या हाताने कागदाला शिवायचं नाही हे सगळ्यांना पाठ होतं, तरी पहिल्या चार प्रतींच्या कडांवर अंगठे उमटले. शेवटी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तू शाईकडेच थांब, कागदाचं मी बघते." तिथून काम मार्गी लागलं.

काचेवर शाई घोटताना कान द्यावा लागतो. थर पातळ आणि सारखा असला की रोलरखाली बारीक चरचर येते. पचपच आवाज आला की शाई जास्त झाली, ती कोरलेल्या रेषांत उतरते आणि बारीक काम बुजतं. नऊ प्रती मनासारख्या आल्या. दोरीवर टांगल्या, पण तेलाची शाई, त्यात ही हवा. बुधवारीसुद्धा बोटाला लागत होती. तुमचा असा दिवस असेल तर सविस्तर लिहा.

———

माझा एचिंगचा, म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने ओढलेल्या रेषा ॲसिडने खोल करून छापायचा. झिंकची प्लेट सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये होती. रेषांवर बुडबुडे धरले की ॲसिड सारखं खात नाही, म्हणून पिसाने ते हलकेच सारत बसायचं. तेवढ्यात कुरिअरवाला आला. सही करून परतले तर चित्रातल्या आजीच्या नऊवारीच्या निऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. फार वाईट वाटलं, दोन आठवडे सुईने ओढल्या होत्या त्या. तरीही प्रिंट काढला. निऱ्यांच्या जागी दाट काळोख आलाय आणि आजीचा चेहरा त्यातून वर येतो. आता मला तो तसाच हवा आहे.

नवख्यांनो, ॲसिड पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. खिडक्या सताड उघड्या ठेवा.

———

मंडळाच्या पत्रिकेसाठी लिनोवर 'गणपती' कोरलं, सरळच. छापल्यावर सगळं उलटं! देवनागरीत गंमत अशी की शिरोरेघ जागेवरच राहते, पण दीर्घ वेलांटी उलटून ऱ्हस्वासारखी दिसते. आता अक्षरं ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालते.

———

पुण्याला हे काम नवं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये इथे चित्रशाळा काढली, तिची शिळाछापाची देवादिकांची चित्रं घरोघरी गेली. प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून, त्याच कागदावर, त्याच जागी. परवा मी दोनच रंगांचा वुडकट (लाकडावर कोरून काढलेला छाप) केला आणि लाल रंग केसभर सरकला. सात कागद गेले. तेव्हापासून आजोळच्या भिंतीवरचं तसलं जुनं चित्र बघताना मी आधी ओठांची कड बघतो. रंग बाहेर गेलेला नाही.

———

हात धुण्याबद्दल: रॉकेल नको, कातडी फाटते. आधी गोडंतेल चोळा, जुन्या पंचाने पुसा, मग साबण. नखांतली शाई दोन दिवस राहतेच. सोमवारी मी तशीच पोळ्या लाटत होते, सासूबाईंनी बोटं निरखली आणि विचारलं, "कालचं चित्र दाखव की."