९६ गुण मिळवून घरी: अन्याय की रडगाणं?

आकडेमोड्या
काल एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) धाग्यावर गोठलेला_कोल्हापुरी यांनी लिहिलं होतं: "२०२४-२५ला आमची कॅलगरी ९६ गुणांवर बाहेर आणि मॉन्ट्रियल ९१वर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. ही लीग आहे की ग्रामपंचायत?" खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, ९६ आणि ९१ हे एका परीक्षेचे गुणच नाहीत. बत्तीस संघांच्या दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन डिव्हिजन; कॅलगरी एकीत, मॉन्ट्रियल दुसरीत. त्या हंगामात ८२ सामन्यांपैकी २६ आपल्याच डिव्हिजनशी, २४ कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या डिव्हिजनशी आणि पलीकडच्या सोळा संघांशी जेमतेम दोन-दोन. एकाने दहावी स्टेट बोर्डातून दिली, दुसऱ्याने सीबीएसईतून, आणि तुम्ही टक्के शेजारी ठेवून भांडताय. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन आणि कॉन्फरन्समागे दोन वाइल्डकार्ड (उरलेल्यांतले सर्वाधिक गुणवाले) प्लेऑफला, हे २०१३-१४पासून चालू आहे. कॅलगरीला काल कळलं काय?

तुम्हाला बाहेर काढलं ते सेंट लुईसने, मॉन्ट्रियलने नाही. तुमच्याच कॉन्फरन्सची शेवटची वाइल्डकार्ड जागा, आणि त्यांचेही ९६च. बरोबरी झाली की आधी साठ मिनिटांत, म्हणजे ठरलेल्या वेळेत, जिंकलेले सामने मोजतात: सेंट लुईस ३२, कॅलगरी ३१. विषय संपला. आणि तुमच्या ९६मधले १४ तर हरून मिळालेत! विजयाला २ गुण, पण जादा वेळेत हरलं तरी १. ४१ जिंकले, २७ सरळ हरले, १४ ओव्हरटाइममध्ये (जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (एकेक खेळाडू विरुद्ध गोलकीपर) हरले. सेंट लुईसने ४४ जिंकले. हरल्यावर मिळणारा लाडू काढून घेतला तर तुमचे ८२ उरतात.

गोठलेला_कोल्हापुरी
आकडेमोड्या, तुम्ही पुण्यात सकाळी साडेसहाला आल्याचा चहा घेत मॅच बघता. मी कॅलगरीच्या सॅडलडोम स्टेडियमबाहेर नाकातला श्वास गोठवत उभा राहतो. त्यामुळे रडायचा हक्क माझा.

लाडू आम्ही एकट्यानेच खाल्ला का? सगळ्यांनीच खाल्ला. आणि मॉन्ट्रियल सोडा, न्यूजर्सीलाही ९१च होते. ती मेट्रोपॉलिटन डिव्हिजनमध्ये तिसरी, म्हणजे वाइल्डकार्डसुद्धा नाही, थेट पाटावर! ३२ संघांची एकच यादी लावून वरचे सोळा घेतले असते तर आम्ही आत, त्या दोघांतला एक बाहेर.

बोर्डं वेगळी म्हणता ना? मग साखळीत सर्वाधिक गुणांची प्रेसिडेंट्स ट्रॉफी देताना बत्तीसही संघ एकाच यादीत कसे बसतात? विनिपेगला ११६ गुणांवर ती दिली तेव्हा बोर्डं कुठे गेली होती? अंतिम फेरीत घरच्या बर्फावर जास्त सामने खेळायचा मानही एकूण गुणांवरच. उत्तर द्या.

विनिपेगची_आत्या
त्या ट्रॉफीचं नाव काढू नका रे. ती मिळाली आणि पहिल्याच फेरीत याच सेंट लुईसने सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत जीव काढला. आमच्या परफेटीने बरोबरी केली तेव्हा घड्याळात दोन सेकंदही नव्हते. मग दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये आमच्याच लाउरीचा गोल. आमच्या ह्यांनी बीपीची गोळी दोनदा घेतली.

आत कोण येतो यापेक्षा आत आल्यावर कोण कोणाशी भिडतो, त्यावर बोला. डॅलस १०६, कोलोरॅडो १०२, आणि दोघं पहिल्याच फेरीत एकमेकांच्या उरावर. २०१६-१७ आठवा: पिट्सबर्ग १११, कोलंबस १०८, म्हणजे अख्ख्या लीगमधले दुसरे आणि चौथे, तरी कोलंबस पहिल्या फेरीत घरी. का, तर डिव्हिजन एकच. एडमंटन आणि लॉस एंजेलिस २०२२ ते २०२५ दर वर्षी पहिल्या फेरीत समोरासमोर. वैर वाढावं म्हणून ही रचना म्हणे. चौथ्या वर्षी वैर राहत नाही, संसार होतो.

शंका_कुशंका
मूळ रोग वेगळा आहे. साठ मिनिटांत निकाल लागला तर सामन्याचे एकूण गुण २, लांबला तर ३. तिसरा गुण येतो कुठून? १९९९-२०००पासून ही खिरापत चालू आहे. त्यामुळे बरोबरी असली की शेवटची पाच मिनिटं दोन्ही संघ पक (आइस हॉकीची चकती) इकडून तिकडे ढकलत बसतात, पाहुण्यांनी एकमेकांना शेवटची पुरणपोळी घ्या-घ्या म्हणावं तसे. मग प्रत्येकी तीनच खेळाडूंचं ओव्हरटाइम, मग शूटआउट. जो शूटआउट प्लेऑफमध्ये नाहीच, त्यावर प्लेऑफचं तिकीट ठरवता! २०१९च्या वर्ल्डकप फायनलला चौकार मोजून निकाल लावला तसलाच प्रकार. न्यूझीलंडवाल्यांना विचारा.

रिंकवरचा_बाप
शूटआउट परवडला, गोलफरकाने ठरवू नका. माझी लेक नऊ वर्षांची, गोलकीपर. एका स्पर्धेत बरोबरी सुटणार होती गोलफरकावर. समोरच्या प्रशिक्षकाने ६-० असतानाही पोरींना ओरडून ओरडून ११-०पर्यंत नेलं. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "बाबा, शेवटचे पाच कशाला?" तेव्हापासून साठ मिनिटांतले विजय मोजणाऱ्यांच्या बाजूने मी.

शंका_कुशंका
लेकीची गोष्ट ऐकून वाईट वाटलं, पण ती एनएचएलमध्ये खेळत नाही. गोलफरक आधी बघितला असता तर २०२३-२४ला वॉशिंग्टन आत आलंच नसतं. ९१ गुण, फरक उणे ३७! डेट्रॉइटलाही ९१, पण साठ मिनिटांतले विजय कमी म्हणून ते घरी. आणि वॉशिंग्टनने जाऊन काय दिवे लावले? पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सकडून मालिकेत ४-०.

रिंकवरचा_बाप
माझी लेक चालत नाही, तुमचा वर्ल्डकप चालतो. वा.

शंका_कुशंका
भावनिक होऊ नका काका.

रिंकवरचा_बाप
काका कोणाला म्हणतोस? वय बत्तीस आहे माझं.

विनिपेगची_आत्या
पुरे रे दोघांचं. बायकांच्या हॉकी लीगमध्ये बघा, पहिल्या क्रमांकाचा संघ प्लेऑफमधला पहिला प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो. २०२४ला टोरंटोने मिनेसोटा निवडलं, दोन सामने जिंकले आणि पुढचे तिन्ही हरले. मिनेसोटाने त्या लीगचा वॉल्टर कप नेला. २०२५ला मॉन्ट्रियलने ओटावा निवडलं, तेही हरले. स्थळ स्वतः पसंत केलं की कोणाला दोष देता येत नाही, हा फायदा.

आकडेमोड्या
आत्या, त्याच लीगमध्ये गुणांचा रोगही बरा केलाय. साठ मिनिटांत जिंकलात तर ३, जादा वेळेत २, जादा वेळेत हरलात तर १. प्रत्येक सामन्याचे एकूण ३, कमी नाही जास्त नाही. तोच हिशेब लावून पाहिला. सेंट लुईस: ३२ विजयांचे ९६, जादा वेळेतल्या १२ विजयांचे २४, वर तिथल्याच ८ पराभवांचे ८. एकूण १२८. कॅलगरी: ९३, २० आणि १४. एकूण १२७.

गोठलेला_कोल्हापुरी
म्हणजे तुमच्या आदर्श पद्धतीतही आम्ही एका गुणाने बाहेर. हे सांगायला रात्रभर जागलात?

आकडेमोड्या
हो.

गोठलेला_कोल्हापुरी
बरं, सेंट लुईसचा मुद्दा तुमचा. घ्या, ताटात वाढून घ्या. पण ट्रॉफीच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. मधे लेक आली, काका आले, स्थळ आलं, उत्तर नाही.

आकडेमोड्या
मान्य. ट्रॉफीला एक यादी आणि प्रवेशाला चार, याला माझ्याकडे उत्तर नाही. ट्रॉफीच बंद करा.

विनिपेगची_आत्या
आमची ट्रॉफी बंद करणारे तुम्ही कोण?