पार्किन्सन्स आणि बोलणं : आपापल्या घरचे अनुभव लिहा

सायली_ना
माझे वडील एसटीत कंडक्टर होते, भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचायचा. पार्किन्सन्सचं निदान होऊन काही वर्षं झाली, हातापायांचं गोळ्यांवर बऱ्यापैकी निभतंय पण बोलणं फार बारीक झालंय. सगळं एका सुरात, आणि वाक्य संपत आलं की शब्द एकमेकांवर चढतात. भेटायला येणारे बाबांसमोर बसून मला विचारतात, "आता कसं वाटतंय त्यांना?" फार त्रास होतो ह्याचा. त्यांना सगळं कळतं हो, कालचा स्कोअर, लाइट बिलाची तारीख, सगळं. कंपाबद्दल, चालण्याबद्दल माहिती मिळते, बोलण्याबद्दल कमीच, म्हणून हा धागा. ज्यांना स्वतःला आहे त्यांनी तर जरूर लिहा.

पंचगंगा
आमच्याकडे फोनवर पहिल्यांदा लक्षात आलं. समोर असताना ओठ दिसतात, सवयीनं कळतं, पण मुलगा फोनवर सारखा म्हणायचा बाबा जरा मोठ्यानं, आणि हे म्हणायचे तुझंच नेटवर्क खराब आहे. मग मला म्हणाले तुझे कान तपासून घे. घेतले, कान उत्तम. शेवटी थेरपिस्ट मॅडमनी मोबाइलवर ह्यांचंच बोलणं रेकॉर्ड करून ह्यांना ऐकवलं, तेव्हा पटलं. त्या दिवसापासून स्वतःहून सराव करतात, रोज सकाळी पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायची, मी स्वयंपाकघरात असते, तिथं ऐकू आलं पाहिजे असं ठरलंय.

अनंत_वा
मला स्वतःला आहे, सावकाश टाइप करतोय. आतून कसं वाटतं ते सांगतो. मला माझा आवाज नॉर्मलच वाटतो. थेरपीत सांगतात तेवढं मोठ्याने बोललो की वाटतं आपण भांडतोय, आणि बायको म्हणते आत्ता कुठे नीट ऐकू आलं. दुसरं म्हणजे सुरुवात. वाक्य डोक्यात तयार असतं पण पहिलं अक्षर सुटत नाही, दारात पाऊल अडकतं ना तसंच, आणि एकदा सुटलं की घाईघाईत धावतं, कधी तोच शब्द दोन-तीनदा येतो. तोवर लोकांनी विषय बदललेला असतो. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत म्हणून लोकांना वाटतं मी चिडलोय. मी चिडलेला नसतो. कृपा करून आमचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा थोडं.

वाणी_थेरपिस्ट
अनंतकाका, फार नेमकं लिहिलंत. मी स्पीच थेरपिस्ट आहे, थोडं कारण सांगते. प, ट, क म्हणताना ओठ किंवा जीभ क्षणभर पूर्ण टेकावी लागते आणि मग हवा सुटते. पार्किन्सन्समध्ये प्रत्येक हालचाल आखूड होत जाते (हस्ताक्षर बारीक होतं तेही ह्यामुळेच), ओठ पुरते मिटायच्या आत पुढचं अक्षर येतं, हवा फटीतून निसटते आणि 'प' घसरून 'फ'सारखा ऐकू येतो. मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा भागातल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे हालचाल केवढी करायची ह्याचा अंदाजच लहान होतो. म्हणून माणूस आळस करत नाहीये, हट्टही करत नाहीये, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.
१९७८ साली लोगमन आणि सहकाऱ्यांनी २०० पेशंट तपासले होते, त्यात ८९ टक्के लोकांना आवाजाचा त्रास होता आणि ४५ टक्के लोकांना उच्चारांचा, म्हणजे बहुतेकदा आवाज आधी जातो. एलएसव्हीटी लाउड नावाची थेरपी आहे, आठवड्याला ४ दिवस, ४ आठवडे, तासातासाची १६ सेशन्स आणि वर घरचा सराव. त्यात लक्ष एकाच गोष्टीवर, मोठा आवाज. आवाज मोठा काढला की तोंड जास्त उघडतं, जीभ जास्त फिरते, उच्चार बरेचदा त्यासोबतच सुधारतात. नुसत्या जीभ-गालाच्या व्यायामांवर वेळ घालवू नका. आणि बोलणं पार बिघडायची वाट न बघता लवकर या.

नंदू_पुणे
मोठ्या भावाचं डीबीएस झालंय, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून मशीनने सौम्य वीज देण्याचं ऑपरेशन. हाताचा कंप थांबला, गोळ्या कमी झाल्या, स्वतःच्या हाताने जेवतो, पण बोलणं आधीपेक्षा अस्पष्ट झालं. डॉक्टरांनी ही शक्यता ऑपरेशनआधी सांगितली होती. मशीनचं सेटिंग कमी केलं की बोलणं जरा सुधारतं पण कंप डोकं वर काढतो, मधला मार्ग शोधावा लागतो. तरी ऑपरेशन केल्याचं दुःख नाही. पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला जा, तिथे बारीक आवाजात बोलणाऱ्याकडे सगळे कान देऊन ऐकतात, दादा तिथे सगळ्यात जास्त बोलतो.

सायली_ना
वाणीताई, गोळ्या वाढवल्या तर बोलणं सुधारेल का? आणि घरात रोज आम्ही काय करावं?

वाणी_थेरपिस्ट
लेव्होडोपाने (पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध) पायांना जितका फरक पडतो तितका बोलण्याला भरवशाने पडत नाही, आणि डोस न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय वाढवू नका. महत्त्वाचा फोन किंवा पाहुणे मात्र गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत ठेवा. टीव्ही बंद करून, समोर बसून बोला. "काय? काय?" करण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा, म्हणजे त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागत नाही. आणि जेवताना ठसका लागत असेल किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर ते लगेच डॉक्टरांना सांगा, गिळण्याचीही तपासणी करून घ्यायला हवी.