बचावकार्यात हेलिकॉप्टरचा कॅप्टन स्वतःच्या अधिकारात नेमकं काय काय ठरवू शकतो?

पागोळी (प्रश्न)

२००५ च्या कॅटरिना वादळातला प्रसंग इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. अमेरिकी नौदलाची दोन हेलिकॉप्टरं फ्लोरिडातल्या पेन्साकोलाहून मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रावर रसद पोचवायला गेली होती. माल उतरवून परत निघाल्यावर रेडिओवर तटरक्षक दलाची हाक ऐकू आली, हेलिकॉप्टरं हवी आहेत म्हणून. तळाशी संपर्क होईना. दोघंही न्यू ऑर्लिन्सकडे वळले आणि शंभराच्या वर माणसं काढली. पुढे त्यांना समज मिळाली की तुमचं काम रसद पोचवण्याचं होतं.

ते बरोबर की चूक हा काथ्याकूट पुष्कळ झालाय. मला व्यवहार समजून घ्यायचाय. कागदावर कॅप्टनला मोकळीक किती असते? हवेत असताना 'जाऊ' की 'नको' हे कोणत्या आकड्यांवर ठरतं? आणि सहसा फसतं कुठे?

---

वातकुक्कुट

आधी कागदाचं. सॉर्टी (नेमून दिलेलं एक उड्डाण) अधिकृत होते तेव्हा काम, क्षेत्र, किमान उंची आणि हवामानाची मर्यादा लिहून सही होते. त्या चौकटीत काम कसं करायचं हे कॅप्टनचं. सॉर्टी सोडून माघारी फिरायचा अधिकार तर पूर्णपणे त्याचाच, तळावर बसून कुणी 'पुढे जाच' म्हणू शकत नाही. थोडक्यात, 'नाही' म्हणायला मुभा अमर्याद आणि 'होय' म्हणायला चौकटीपुरती. कामच बदलायचं असेल तर विचारावं लागतं. विचारायला कुणी सापडत नसेल तिथे खरा पेच.

हा पेच प्रत्येक दल वेगळ्या तऱ्हेने सोडवतं. अमेरिकी तटरक्षक दलाने २००२ च्या आपल्या मूळ तत्त्वपुस्तिकेतच जागेवरच्या माणसाने पुढाकार घेणं हे तत्त्व म्हणून लिहून ठेवलंय. त्यामुळे त्यांच्या क्रूने वाटेत दुसरं छप्पर दिसलं म्हणून वळणं हे रोजचं काम. रसद पोचवणाऱ्या नौदलाच्या तुकडीत तेच वळणं म्हणजे नेमून दिलेलं काम सोडणं. कृती एकच, फक्त मागे काय लिहून ठेवलंय ते वेगळं.

संपर्क तुटला तरी निरोप ठेवायचे मार्ग असतात. वर उडणारं कुठलंही विमान किंवा जवळचा हवाई नियंत्रण कक्ष निरोप पुढे देऊ शकतो. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठे चाललो, किती वेळासाठी, इंधन किती मिनिटांचं, आणि मूळ काम कोणत्या टप्प्यावर सोडलं. चौथी गोष्ट हमखास राहते. मग तळावरचा अधिकारी पुढची खेप त्याच हेलिकॉप्टरच्या नावावर लावून बसतो आणि वाट बघतो.

---

घनतेची_उंची

आकड्यांबद्दल मी लिहितो.

पहिला हिशोब ताकदीचा. जमिनीपासून साधारण एका रोटरच्या (वरच्या फिरत्या पंख्याच्या) व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हवेचा आधार मिळतो, त्याच्या वर मिळत नाही. एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरचा व्यास २१ मीटर, लहान ध्रुवचा १३. विंचने, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने, उचलताना झाडं आणि खांब टाळायला बहुतेक वेळा या उंचीच्या वरच थांबावं लागतं, म्हणून हिशोब नेहमी आधाराविना होव्हरचा (हवेत एका जागी स्थिर राहण्याचा) करायचा. वजन एक टक्का वाढलं की ताकद साधारण सव्वा ते दीड टक्का जास्त लागते. ५,००० किलोचं हेलिकॉप्टर ९० टक्के टॉर्कवर (रोटर फिरवायला लागणाऱ्या जोरावर) होव्हर करतंय असं धरा. ओल्या कपड्यांतली दोन माणसं, म्हणजे १८० किलो, आत घेतली की टॉर्क ९४-९५ वर. आणखी दोन घेतली की काटा मर्यादेला टेकतो, आणि वाऱ्याचा झोत पडला तर सावरायला हातात काही उरत नाही.

डोंगरात हेच अधिक कडक, कारण उंचावरची आणि गरम हवा विरळ असते. १०,००० फुटांवर प्रमाणित तापमान उणे ५ अंश. प्रत्यक्षात १५ अंश असेल तर फरक २० अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर यंत्राच्या दृष्टीने तुम्ही १२,४०० फुटांवर आहात. सकाळी सहाला आठ माणसं उचलणारं हेलिकॉप्टर दुपारी बाराला त्याच ठिकाणाहून पाचच का उचलतं, ते यावरून कळेल. खाली उभ्या माणसांना मात्र वाटतं, 'जागा असून नेलं नाही'.

दुसरा हिशोब इंधनाचा, आणि तो पहिल्याशी बांधलेला आहे. १०० लिटर इंधन जळलं की सुमारे ८० किलो वजन उतरतं, म्हणजे एका माणसाची जागा होते. म्हणून अनुभवी क्रू टाकी भरून निघत नाहीत. पण कमी इंधन म्हणजे जागेवर कमी वेळ. विंचच्या एका उचलीला तीनेक मिनिटं धरली तर १२ माणसांना ३६ मिनिटं, आणि तीही सगळ्यात जास्त इंधन पिणाऱ्या अवस्थेत. त्यामुळे परत फिरायचा आकडा उड्डाणाआधी कागदावर लिहितात: माणसं उतरवायच्या जागेपर्यंतचं इंधन, तिथून इंधन भरायच्या तळापर्यंतचं, अधिक २० मिनिटांचा साठा. छपरावरून हात हलवणारी बाई दिसत असताना हा आकडा नव्याने ठरवायचा नाही. स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणं म्हणजे हा आकडा वाकवणं असं काहींना वाटतं. तो पाळूनच बाकीची मोकळीक वापरता येते.

अरुंद दरीत परतीची वाट हा तिसरा आकडा समजा. पुढे स्वच्छ दिसतं आणि मागे ढग भरतो. २५ जून २०१३ ला केदारनाथहून परतणारं वायुसेनेचं एमआय-१७ व्ही-५ खराब हवामानात गौरीकुंडजवळ कोसळलं, त्यात २० जण गेले. अशा दऱ्यांत आत शिरण्याआधी वळायला जागा कुठे आहे ते बघून ठेवतात, आणि ती जागा ढगात गेली की आतलं काम अर्धवट टाकून निघतात.

---

हूक_आधी_जमिनीला

वरचे दोघं कॉकपिटमधून बोलतायत. निम्मे निर्णय दारात पोटावर पडलेला विंच ऑपरेटर घेत असतो, कारण बरोबर खाली काय आहे ते वैमानिकाला दिसतच नाही. 'पुढे पाच, उजवीकडे दोन, पुढे एक, स्थिर' अशा त्याच्या आवाजावर हेलिकॉप्टर हलतं. तो 'थांबा' म्हणाला की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. क्रूमधल्या सर्वांत सावध माणसाचं मत चालतं, हुद्दा कुठलाही असो.

फसण्याच्या जागा:

हूक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकला पाहिजे. रोटरमुळे साचलेली स्थिर वीज तिथे उतरते. घाईत खालच्या माणसाने हूक हवेतच पकडला तर झटका बसतो, आणि निसरड्या छपरावर झटका म्हणजे पडणंच.

काखेतून घातलेल्या पट्ट्यात माणसाने हात वर केले की तो सुटतो. दाराशी आल्यावर घाबरून वर काहीतरी पकडायला जाणं ही सगळ्यांची सवय. म्हणून लहान मूल, म्हातारं माणूस किंवा बेशुद्ध कुणी असेल तर विंचमन (केबलवरून खाली उतरणारा क्रूमधला माणूस) सोबत येतो नाहीतर बास्केट वापरतात. वेळ जातो, पण इथे घाई नाही.

एमआय-१७ एवढ्या यंत्राखाली वाऱ्याचा झोत ताशी ८० किलोमीटरच्या घरात असतो. पत्रे आणि ताडपत्र्या उडतात, आणि उडालेली ताडपत्री रोटरमध्ये गेली की खेळ खल्लास. पत्र्याचं छप्पर असेल तर उंची वाढवून लांब केबल सोडायची. अमेरिकी तटरक्षक दलाच्या जेहॉक हेलिकॉप्टरवर ती २०० फूट असते, हूकची क्षमता २७२ किलो. केबल झाडात किंवा खांबात अडकली तर ती तोडायचं बटण वैमानिकाकडेही असतं आणि ऑपरेटरकडेही. माणूस लटकत असतानाही ते दाबायची वेळ येऊ शकते, म्हणून कोणत्या परिस्थितीत दाबायचं हे ब्रीफिंगमध्येच (उड्डाणाआधीच्या बैठकीत) मोठ्याने बोलून घेतात.

विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. खांबाच्या डोक्यावरून ओलांडायचं, दोन खांबांच्या मधून कधीच नाही.

---

पागोळी

आभार. एक उपप्रश्न. २०१८ च्या केरळच्या पुरात चालकुडीला नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरने थेट घराच्या छतावर चाकं टेकवली होती. विंच असताना हा धोका का पत्करावा?

---

घनतेची_उंची

बरीच माणसं आणि त्यात विंचने उचलता न येण्यासारखी कुणी असतील, तर एकेक उचलण्यापेक्षा टेकवणं कमी धोक्याचं ठरू शकतं. फक्त याला उतरणं म्हणत नाहीत. चाकं नुसती छताला लागलेली असतात, जवळजवळ सगळं वजन रोटरवरच. घराचा स्लॅब सी किंगसाठी बांधलेला नसतो. वैमानिक तेवढा वेळ उडतच असतो, आणि एकेक माणूस चढलं की वजन वाढतं, म्हणून दर वेळी किंचित ताकद वाढवत राहायचं. स्लॅब खचतोय असं दारातल्या माणसाने सांगितलं तर ताबडतोब उचलता आलं पाहिजे. म्हणजे राखीव ताकद इथे होव्हरपेक्षा कमी असून चालत नाही.

त्याच पुरात आलुव्याजवळ १७ ऑगस्टला कमांडर विजय वर्मांच्या क्रूने गरोदर बाईला वर घेतलं, तो निर्णय मला जास्त शिकण्यासारखा वाटतो. पाणमोट फुटलेली होती. त्यांनी आधी डॉक्टरला विंचने खाली सोडलं. उचलायचं की नाही हे डॉक्टरने बघून ठरवल्यावर मग तिला उचललं. जे आपल्याला वरून कळत नाही ते ठरवायला योग्य माणूस खाली पाठवला.

---

नोंदवही

सगळं पटलं, पण समज देणाऱ्या वरिष्ठाची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो.

कॅटरिनातच एका माणसाला काढायला पाच हेलिकॉप्टरं पोचल्याचं लष्करी अधिकाऱ्यांनी नंतर राष्ट्राध्यक्षांना सांगितलं होतं. प्रत्येक क्रू आपल्या जागी बरोबर होता, एकूण चित्र कुणाकडे नव्हतं. दुसरं म्हणजे छपरावरून काढलेली माणसं महामार्गाच्या उंच पुलांवर आणि चौकांत उतरवली गेली आणि तिथे उन्हात, पाण्याविना ताटकळली. त्यांच्यासाठीचं पाणी आणणं हेच ते 'कंटाळवाणं' रसदीचं काम. ज्या दोन हेलिकॉप्टरांनी माल उतरवून मगच वाट बदलली त्यांना मी दोष देत नाही, पण सगळ्यांनीच तसं केलं असतं तर काय झालं असतं ते बघा.

म्हणून वळायचं ठरलंच तर हे करावं. उचलण्याआधी उतरवायची जागा ठरवा. तिथे पाणी आणि रस्ता आहे का, हे आधी गेलेल्या क्रूला विचारा. रिकामं झालेलं छप्पर रंगाने खूण करून सोडा, नाहीतर पुढचा क्रू पुन्हा दहा मिनिटं घालवतो. आणि स्थान कळवताना अंशापुढची मिनिटं दशांशात देताय की सेकंदांसह, ही पद्धत बोलून सांगा. १५.५० मिनिटं आणि १५ मिनिटं ५० सेकंद या दोन वाचनांत अक्षांशावर २० सेकंदांचा, म्हणजे सुमारे ६१५ मीटरचा फरक पडतो. बुडालेल्या वस्तीत तेवढ्या अंतरात शेकडो एकसारखी छपरं असतात.