मदत हवी आहे: ॲल्युमिनियम पत्र्याची आर-व्हॅल्यू आणि कपाचे कान जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. ५०५२-एच३२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या १ मिमी पत्र्याच्या १०० मिमी ब्लँकमधून (कापलेल्या गोल चकतीतून) ५५ मिमीचा कप ओढतो. काठाला चार कान (वर आलेले भाग) येतात, जवळजवळ दोन मिमी उंच, चारही रोलिंगच्या दिशेशी ४५ अंशांवर. ट्रिमिंगमध्ये फार माल जातो, म्हणून पत्रा बदलण्याआधी आर (ताणल्यावर पत्रा जाडीच्या मानाने रुंदीत किती आकसतो ते) मोजायचं ठरवलं.

०, ४५ आणि ९० अंशांत प्रत्येकी तीन पट्ट्या वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) कापल्या. रुंदी १२.५, गेज लेंथ (मोजायची लांबी) ५० मिमी. यूटीएमवर (ताण देऊन तपासणाऱ्या मशीनवर) ८ टक्के ताणून उतरवल्या आणि रुंदी-जाडी मायक्रोमीटरने घेतली. रुंदीचा ट्रू स्ट्रेन (नव्या-जुन्या मापांच्या गुणोत्तराचा लॉग) भागिले जाडीचा, म्हणजे आर. सरासरी आली ०.७८, ०.६६, ०.७५. डेल्टा आर (० आणि ९० च्या सरासरीतून ४५ चा वजा) अधिक चिन्हाचा येतो; कान जास्त आरच्या दिशेत येतात, म्हणजे ते ० आणि ९० वर हवेत! कप तर समोर टेबलावर आहे, कान ४५ वरच.

सप्लायरने शीट कापून दिलं, त्यावर बाण नव्हता. रोलिंगच्या रेघा बघून मीच दिशा ठरवली, ती चुकली असेल का? ४५ च्या तीन पट्ट्यांतही ०.५८ ते ०.७५ इतका फरक आहे. तीन दिवस यातच गेलेत. कुणी हे हाताने केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
दिशा नव्वद अंशांनी चुकली तरी ० आणि ९० ची अदलाबदल होते, ४५ जागेवरच राहतो. डेल्टा आर तोच. गडबड जाडीत आहे. ५० चे ५४ आणि १२.५ चे १२.११ झाले, तर जाडी ०.९५६ उरते, आर ०.७०. मायक्रोमीटरने तीच जाडी दहा मायक्रॉन (०.०१ मिमी) जास्त दाखवली की आर ०.९२, कमी दाखवली की ०.५७. त्यात ताणलेला पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, मायक्रोमीटर उंचवट्यांवर टेकतो. जाडी मोजूच नका. प्लास्टिक स्ट्रेनमध्ये (ताण काढल्यावरही टिकणाऱ्या बदलात) आकारमान कायम राहतं, तेव्हा लांबी-रुंदीवरून जाडीचा स्ट्रेन काढा. रुंदीत दहा मायक्रॉन चुकले तरी आर ०.०३ नेच हलतो. आयएसओ १०११३ या आर मोजण्याच्या मानकाची रीतही हीच. रुंदी मात्र गेज लेंथमध्ये पाच जागी घ्या.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार! लांबी वहीत होतीच. आत्ताच गणित केलं: ०.५८, ०.७४, ०.६३. डेल्टा आर उणे ०.१३५, चिन्ह फिरलं. उद्या पाच जागी रुंदी घेतो. १० टक्क्यांपुढे पट्टी एका जागी बारीक होऊ लागते, म्हणून ८ वर थांबलो होतो. चालेल ना?

प्रतिसाद २:
चालेल. फक्त आकड्याशेजारी ८ टक्के लिहून ठेवा.